रिकामी खोकी

आप्पा पोटाला उशी बांधून घेत होते, आणि ते बघून सगळे हसत होते; त्यांची मुलगी यशोधरा तेवढी हसत नव्हती.

‘फौजदार खडके’ हा पहिला सिनेमा आला तेव्हा हिरोची छाती भरदार आणि आप्पा काटकुळे, म्हणून आप्पांच्या छातीला कापूस बांधायचे. हिरोच्या जागी उड्या आप्पांच्या, टाळ्या हिरोला. पुढं दुसरा भाग आला, तिसरा आला, चौथ्यात खडके मेलासुद्धा. मग बारा वर्षं त्याची कुणाला आठवण झाली नाही. आणि आता, दोन हजार चार साली, मेलेला खडके पाचव्या भागासाठी उठून बसला होता. हिरोचं पोट सुटलं होतं, केस रंगवलेले होते. आप्पा मात्र तसेच सडसडीत. कापूस तेवढा छातीवरून पोटावर उतरला होता.

“तुमचं आता वय आहे का हे?” यशोधरा हळूच म्हणाली.

“हिरोपरास तरणाच हाय मी,” आप्पा म्हणाले. “त्याला कोन इचारतंय का?”

“तो जिन्यानं खाली उतरणार आहे, आप्पा.”

आप्पांनी फौजदाराची टोपी डोक्यावर चढवली.

उडी होती मंचरच्या एका बटाट्याच्या शीतगृहाच्या गच्चीवरून, तिसऱ्या मजल्याच्या वरून. आई गेली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. ती गेल्यावर आप्पांनी काम सोडलं होतं. गावी, डिंगोऱ्याला घरी राहून ते चार वाफे भाजी करत होते. शनिवार-रविवार यशोधरा मंचरच्या शाळेतल्या नोकरीवरून घरी जायची, आणि दार उघडायला आप्पा आहेत एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. मग मुंबईहून फाइट मास्टर सोपान यांचा फोन आला. तुमच्याच मुलखात शूटिंग आहे, एकच उडी आहे. आप्पा हो म्हणाले.

सकाळी कॅमेऱ्यापुढं नारळ फुटला तेव्हा आप्पा नेहमीसारखे बाजूला उभे राहिले. त्यांची पूजा वेगळी होती. ज्यांच्यावर उडी पडायची त्या खोक्यांकडं ते गेले. बिस्किटांची, साबणाची रिकामी पुठ्ठ्याची खोकी तोंड बंद करून एकावर एक रचलेली, दोराने आवळलेली, वर पातळ गादी. आप्पांनी सगळीकडून हात फिरवला, दाबून पाहिलं. लहानपणी यशोधरेनं विचारलं होतं, गाद्याच का नाही रचत जाडजूड? तेव्हा त्यांनी अंगणात एक खोकं ठेवून त्यावर तिला उडी मारायला लावली होती. खोकं फसकन बसलं होतं. “आतली हवा जाती ना, ती आपला मार घिऊन जाती,” ते म्हणाले होते. “रिकामं हाय म्हनून जीव वाचतो.”

खोकी एकदा तपासली की ते परत तिकडं बघत नसत. दुसऱ्यांदा बघितलं की मनात शंका शिरते म्हणत. गच्चीच्या काठावर गेल्यावर तर खाली बघायचंच नाही. नजर फक्त मास्टरांच्या हातातल्या लाल रुमालावर; तो खाली पडला की उडी. आणि त्या वेळी घरच्या कुणी हाक मारायची नाही. हाक आली की माणूस वळतो, वळला की पाय चुकतो.

जेवणाच्या सुट्टीत डिंगोऱ्याचा टेम्पो आला. भावकीतल्या बाया, पोरं, आणि सगळ्यांच्या पुढं सरूबाई, आप्पांची थोरली बहीण. खडकेचा एकेक भाग तिनं जत्रेतल्या तंबूत पाचपाचदा पाहिला होता. पडद्यावर हिरोची पाठ दिसली की ती शेजारणीला कोपर मारून म्हणायची, “त्यो बग माझा भाऊ.” युनिटची माणसं पानावर बसली होती. यशोधरा आप्पांना भाकरी द्यायला मागच्या खोलीत गेली. आप्पांनी अर्धी खाल्ली आणि बाकीची झाकून ठेवायला सांगितली.

ती परत आली तेव्हा दोर बांधून गर्दी मागं सरकवली होती. सरूबाई अगदी पुढं उभी होती. तिच्या केसांत, पदरावर भाताच्या पेंढ्याच्या काड्या होत्या.

“कुठं लोळून आलीस, आत्या?”

“लोळती कशाला? काम क्येलं,” सरूबाई खुशीत म्हणाली. “तुज्या बापाला येवड्या वरनं उडी मारायला लावत्यात आन् खाली ठिवलीत काय, तर मोकळी खोकी! मेल्यांना माया कशी ती न्हाई. बटाट्याच्या गाडीत अंथरायचा पेंढा पडला व्हता थितं. आमी बायांनी गादी उचलली आन् वरच्या रांगंत दाबून दाबून भरला. आता लागायचं न्हाई माज्या भावाला.”

यशोधरेला आधी ते कळलंच नाही. मग अंगणातलं खोकं आठवलं; पेंढा भरलेलं तसं बसणार नव्हतं.

“सायलेन्स!” कुणीतरी ओरडलं.

तिनं वर पाहिलं. गच्चीच्या काठावर खाकी कपडे, टोपी, पोटावरची उशी. तोंड दिसत नव्हतं. सोपान मास्टर कॅमेऱ्याच्या पलीकडं, पार लांब, उंच स्टुलावर. रुमाल खांद्याशी होता. तिथवर पोचायला मधे दिवे, वायरी, माणसं. ओरडावं तर आप्पा वळतील. न ओरडावं तर—

ती दोराखालून वाकून निघाली. कुणीतरी ओढणी धरली, ती त्याच्या हातात राहिली. धावत जाऊन ती खोक्यांच्या ढिगावर चढली, गुडघ्यांनी, कोपरांनी, आणि मधोमध उभी राहिली. पाय खाली गेले नाहीत. जमिनीवर उभं राहावं तशी ती उभी होती. तेव्हा तिला खरी भीती वाटली. कारण आप्पा फक्त रुमालाकडं बघत होते आणि खाली उभी असलेली ती त्यांना दिसत नव्हती. तिनं मास्टरांच्या दिशेनं दोन्ही हात वर केले. तोंडातून आवाज येऊ नये म्हणून दातांखाली ओठ धरला.

रुमाल हलला नाही. मास्टरांनी तिला पाहिलं होतं. “कट! कट! कौन है वो बाई?”

आणि मग आप्पांनी खाली पाहिलं.

ते जिन्यानं खाली आले. एक खोकं फोडलं, पेंढा मुठीत घेतला, गच्च दाबला. सरूबाई रडायलाच लागली. “मला काय ठावं, हनुमंता? मऊ आसतंय म्हनून...”

“ऱ्हाऊ दे, आक्का,” आप्पा म्हणाले. “कुनी सांगितलंच न्हवतं तुला.”

मास्टर घड्याळ, ऊन आणि यशोधरा यांच्याकडं आळीपाळीनं बघत होते. “हनुमंतभाऊ, खोकी रिकामी करून घेतो. होईल ना?”

“व्हईल की.”

बायांनीच पेंढा उपसला. त्यांच्यात यशोधराही बसली. ज्या उडीला ती सकाळपासून नको म्हणत होती, तिच्यासाठी ती खोक्याच्या तळाशी हात घालून शेवटची काडी शोधत होती. राहून गेलेली एकही काडी आपल्याला चालणार नाही, असं ती प्रत्येक खोक्यापाशी स्वतःला बजावत होती.

आप्पा पुन्हा वर गेले. सायलेन्स झालं. रुमाल वर गेला, खाली पडला.

खाकी आकृती हलली नाही.

रुमाल परत वर गेला. या वेळी गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली, “उडा की राव, खडके!” काही लोक हसले. रुमाल पडला. आप्पा काठावर उभे होते आणि त्यांची मान खाली झुकलेली होती.

यशोधरा जिन्याकडं पळाली. आत अंधार होता, सडक्या बटाट्यांचा वास होता. वरून बुटांचा आवाज येत होता, एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. वळणावर ते दिसले. टोपी हातात, दुसरा हात भिंतीवर सपाट टेकलेला. इतक्या वर्षांत तिनं त्यांना कशाचा आधार घेताना पाहिलं नव्हतं.

“आप्पा.”

“वरनं तू दिसलीस मगाशी,” ते म्हणाले. “खाली येवडीशी, हात वर करून. आजवर मला उंची कदी दिसलीच न्हवती, यशे. आता दिसायला लागली.”

खाली कुणीतरी मास्टरांना सांगत होतं की आप्पांच्या जागी वरून बुजगावणं टाकू, लांबून कळणार नाही. आप्पांनी ते ऐकलं असावं. ते खालच्या पायरीकडं बघत राहिले.

“थितंच उबी ऱ्हा,” ते म्हणाले. “हलू नगंस.”

“नाही हलत.”

तिच्यावर नजर ठेवून त्यांनी पाय उचलला.