चार पुरेत

ठाकूरद्वारच्या त्या दोन खोल्यांत शनिवारची जेवणं उरकली होती. वालाचं बिरडं झकास जमलं म्हणून कमलाकांतांनी दोनदा भात घेतला आणि बाहेरच्या खोलीत ते वामकुक्षीला आडवे झाले. त्यांची बायको दुर्गा ओटा पुसत होती. मुलगी, उर्वी, आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बारावीनंतरच्या नीट परीक्षेत पोरीने चांगले गुण मिळवले होते. आता डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी कॉलेजांची यादी भरायची होती आणि मुदत होती पाचपर्यंत. यादी हवी तेवढी लांब करायची मुभा होती. पण कमलाकांतांनी सकाळी शेजारी बसून चारच नावं भरून घेतली, चारही मुंबईतली, पोर रोज घरी जेवायला येईल अशी.

"चार पुरेत," ते म्हणाले होते. "मिळालं तर मिळालं. नाहीतर बी.एस्सी. आहेच. प्रभादेवीचं स्थळही थांबायला तयार आहे."

गेल्या वर्षीच्या याद्या मायलेकींनी पाहिल्या होत्या. त्या चार ठिकाणी उर्वीचा नंबर लागणं शक्यच नव्हतं. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, धुळे, तिकडे मात्र लागण्यासारखा होता. चारच नावं भरणं म्हणजे डॉक्टर होणार नाही असं लिहून देणं, आणि हे कमलाकांतांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. थोरल्या विहंगच्या इंजिनियरिंगच्या वेळी याच माणसाने पार गोंदियापर्यंतची एकशे बारा कॉलेजं भरली होती. वर "मुलग्याने चार गावचं पाणी प्यायला हवं," असं अख्ख्या मजल्याला ऐकवलं होतं.

तसे ते दुष्ट नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण कालिंदी मिरजेला शिकायला गेली आणि तिथेच परजातीतल्या मुलाशी लग्न करून राहिली. तेव्हापासून भावाने अबोला धरला तो आजतागायत. आई गेली तेव्हा कालिंदी दारात येऊन उभी राहिली, तरी या गृहस्थांच्या तोंडून शब्द निघाला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; यांनी ताकच बंद केलं, आणि तेही फक्त मुलीचं. आपल्याकडे अशी घरं थोडी का आहेत? हात उगारत नाहीत, शिवीगाळ करत नाहीत, म्हणून ती सज्जनांत मोडतात.

दुर्गाला धास्ती होती ती या अबोल्याची. तरी ती हात पुसत आत गेली.

"उर्वी, बाकीची नावं भर."

"आई, प्लीज, नको. बाबा बोलायचेच बंद होतील. आत्यासारखं करतील माझं."

"तुला काय हवंय ते सांग."

उर्वीचे डोळे भरून आले. "मला डॉक्टर व्हायचंय गं. पण फॉर्म परत ओपन करायला ओटीपी लागतो. नंबर बाबांचा टाकलाय ना."

गुण पोरीचे, आयुष्य पोरीचं, आणि किल्ली बापाच्या उशाशी.

"मागव," दुर्गा म्हणाली आणि बाहेर जाऊन पलंगापाशी उभी राहिली.

फोन वाजला. तिने तो उचलला आणि कमलाकांतांनी डोळे उघडले.

"कुणाचा मेसेज?"

बँकेचा, असं म्हटलं असतं तर ते पुन्हा झोपले असते. शब्द जिभेवर आलाही होता. पण आज खोटं बोलले तर माझी पोर जन्मभर चोरासारखी शिकेल, असं तिला वाटलं.

"उर्वीचा ओटीपी आहे. फॉर्म उघडतेय ती. लातूर, नांदेड, सगळं भरणार आहे."

ते उठून बसले. "सकाळी काय ठरलं होतं?"

"तुम्ही ठरवलंत. विहंगला एकशे बारा आणि हिला चार? का हो?"

"फोन दे इकडे."

दुर्गाने फोन छातीशी धरला.

"दुर्गा, हे केलंस तर माझ्याशी बोलायचं नाही. तू नाही नि तीही नाही."

ते शब्द पाळतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि मोठ्याने एकेक आकडा वाचला. तिसऱ्या आकड्याला आवाज फुटेना, म्हणून तो पुन्हा सांगावा लागला. कमलाकांत भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आत येऊन दुर्गा दाराला टेकली. उद्या सकाळचा चहा कसा द्यायचा, त्यांनी तो घेतलाच नाही तर काय, विहंगला काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात येत होतं.

टाइप करता करता उर्वी थांबली. "आई, थरथरतेयस तू. घाबरलीस?"

"हो, खूप," दुर्गा म्हणाली. "तू भर. धुळं राहिलंय."