मधला एक तास

गोष्ट सांगताना कुठे थांबलं की बाया डोळ्याला पदर लावतात, हे मनकर्णाबाईला आता पाठ झालं होतं. चार सभा झाल्या होत्या. गोष्ट सिंधूताईंनी बसवून दिली होती. ताई शाळेत शिकवायच्या. मनाने निर्मळ, पण प्रत्येक गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी सरळ हवी असणाऱ्या. वस्तीत प्रसूतिगृह व्हावं म्हणून त्यांनी वर्षभर चपला झिजवल्या, अर्जांवर सह्या-अंगठे घेतले. महापालिकेत कोणी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा त्या मनकर्णाबाईच्या दारी आल्या. म्हणाल्या, "अर्ज कोणी वाचत नाही हो. तुमच्या गोपिकेचं सांगा. माणूस माणसाचं ऐकतो."

गोपिका ही मनकर्णाबाईची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी, सत्तर सालच्या उन्हाळ्यात, पहिल्याच खेपेला तिचं बाळंतपण अडलं. नवरा देवाजी इतवारीच्या बाजारात हातठेला ओढायचा. त्याने तिला ठेल्यावर घातलं आणि मोठ्या दवाखान्याकडे धावत सुटला. इतवारीच्या गल्लीत टेम्पो आणि धान्याची पोती; ठेला तासभर अडकून पडला. दवाखान्याच्या फाटकाशी गोपिका गेली, पोटातलं बाळही गेलं.

यात खोटा होता तो फक्त तास. ठेला अडकला होता, पण पाच मिनिटं. हमालांनी पोती बाजूला सारून वाट करून दिली होती. तास गेला होता घरात. पहिल्या सभेआधी ताईंनीच विचारलं होतं, "उशीर गर्दीमुळेच झाला ना?" आणि मनकर्णाबाईने मान हलवली. मान हलवायला काय लागतं? नंतर मात्र ती मागे घेता येत नाही.

मनकर्णाबाई वस्तीची दाई. बाळंतपण अडलं की घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या, कुलपं उघडायची, म्हणजे बाई मोकळी होते, अशी जुनी समजूत. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिने घरातले देव नदीत सोडले आणि हेही सोडलं. कोणी म्हातारी गाठी सोडायला लागली तर तिलाच झापायची. पण त्या दिवशी कळा देऊन थकलेली पोर होती ती तिची स्वतःची, आणि हात चालेना. तिने गोपिकेची वेणी सोडली, दोरीची गाठ सोडली, डब्यांची झाकणं काढली. राहिली एक पत्र्याची पेटी. तिची किल्ली देवाजीच्या कमरेच्या करगोट्याला, आणि देवाजी अर्ध्या तासावर इतवारीत. तिने शेजारणीला पिटाळलं. 'ठेला घेऊन या' असा निरोप धाडायचा, तो तिने धाडला 'किल्ली घेऊन या'.

देवाजी ठेला तिथेच टाकून धावत आला. पेटी उघडली. काही झालं नाही. मग तो ठेला आणायला परत गेला.

किल्ली कशासाठी ते शेजारणीलाही कळलं नव्हतं; हे दोघांनाच ठाऊक. देवाजी अजून तिला मामी म्हणायचा, तिच्याच घरी जेवायचा, प्रत्येक सभेत मागे बसायचा आणि गप्प असायचा. त्याने तिला कधी बोल लावला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पाचव्या खेपेला महापालिकेची समितीच वस्तीतल्या विहारात आली. मनकर्णाबाईने गोष्ट सांगितली. अध्यक्ष वामनरावांनी चष्मा काढून पुसला. माणूस खरोखर हलला होता.

"बाई, तुमचं दुःख वाया जाणार नाही," ते म्हणाले. "गोष्ट स्पष्ट आहे. अडचण त्या गल्लीची. इतवारीत दिवसा हातठेल्यांना बंदी घालू. मोठा दवाखाना आहेच, वाट मोकळी हवी."

"अहो, पण प्रसूतिगृह..." सिंधूताई उठल्या.

"वाट मोकळी झाल्यावर त्याची गरज काय?"

मागच्या रांगेतले निम्मे लोक ठेलेच ओढायचे. त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली. मनकर्णाबाईने देवाजीकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता. पोटावर पाय आला तरी हा माणूस तोंड उघडणार नव्हता.

"साहेब, लिहू नका अजून," ती म्हणाली. "गोष्ट झाली नाई."

आणि तिने मधला तास सांगितला. वेणी, दोरी, डबे, पेटी, निरोप. या वेळी कुठे थांबायचं ते तिला ठाऊक नव्हतं. "दीक्षा घेतली अन् दुसऱ्यायले अक्कल शिकवली. माह्या लेकीवर आलं त मीच किल्ली शोधत बसली. गल्लीनं नाई मारलं तिले. वस्तीत डाक्टरीन असती त तिनं मले हात धरून बाहेर काढलं असतं. ठेले कायले बंद करता? माह्यासारखीच्या भरवशावर पोरी ठेवू नका, एवढंच करा."

कोणी पदर डोळ्याला लावला नाही. एक म्हातारी तर तोंड फिरवून बसली. सिंधूताईंचा चेहरा उतरला होता.

मग मागून देवाजी उठला. "साहेब, पेटी उघडल्यावर मीबी लगेच नाई गेलो. आता उघडली, आता होईल, म्हणून उंबऱ्यावर बसून राहिलो. मामीच म्हने जा, ठेला आना. मी म्हटलं, थांबा जराक."

मनकर्णाबाई खाली बसली. ते 'थांबा जराक' तिने त्या दिवशी ऐकलंच नव्हतं, की ऐकून विसरली होती?

वामनरावांनी कागदावरची ठेलाबंदीची ओळ खोडली. मग म्हणाले, "प्रसूतिगृहाला जागा कुठे आहे? दाखवा."

सगळे जागा दाखवायला बाहेर पडले. विहारात दोघंच उरली.

"चार साल झाले," ती म्हणाली. "काहून नाई सांगतलं, जवाई?"

"तुमी नाई सांगतलं म्हणून," देवाजी म्हणाला, आणि तिच्याशेजारी येऊन बसला.