निंबाच्या नावाची मूठ

गव्हाचं सूप ओट्यावर ठेवून सुनंदाने दिराला हाताने खुणावलं.

"भाऊ, आत जाऊ नका. आधी आठे या."

निंबा चपला काढता काढता थांबला. वहिनीचा फोन आला तसा तो शिरपूरहून निघून थेट गावी आला होता. फोनवर तिने कारण सांगितलं नव्हतं, पण आज कानबाई देवीच्या रोटांचे गहू काढायचे आहेत हे त्याला सूप पाहताच कळलं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं, सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे, त्याच पिठाचे पुरण भरलेले रोट श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला घास नाही, आणि पौर्णिमेपलीकडे तुकडाही उरू द्यायचा नाही.

बाप्तिस्मा घेतल्यापासून या दिवशी निंबा या घराची पायरी चढला नव्हता. तेव्हा भाऊबंदकीत काय बोंबाबोंब झाली होती! थोरला भाऊ नवल तर वर्षभर बोलला नाही. मग हळूहळू सगळं निवलं. एका रक्ताची माणसं, किती दिवस तोंड फिरवून बसणार? आता निंबा शिरपूरच्या ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे चर्चचा कारभारी म्हणून निवडला गेला होता. रविवारी वचन सांगायचा, प्रभुभोजनाची भाकर वाटायचा.

"मायले तुम्हीच सांगा," सुनंदा हळू आवाजात म्हणाली. "यंदा तुमनं नाव लेवू नको म्हनीसन. आमनं ती आयकस नही."

"मनं नाव? आजून लेतस?"

"दरसाल लेतस."

"मंग मना वाटा खास कोन?"

सुनंदाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही ठाऊक नाही या माणसाला.

"माय. आखो कोन खाई?"

या घराची रीतच तशी होती. जो पुरुष हजर नाही, त्याच्या वाट्याचे रोट त्याच्या आईने संपवायचे. नवलची पोरं खायला तयार होती, पण त्याची माय झुंबरबाई कुणाला हात लावू देत नव्हती. साखरेचा आजार जुना, त्यात पुरण पोटभर. मागल्या वर्षी पौर्णिमा उलटली आणि तिच्या पायाचं बोट धुळ्याला नेऊन कापावं लागलं. निंबा तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होता, डोळे मिटून प्रार्थना करत होता. रोटांचं कुणी काही बोललं नव्हतं.

खरं तर काम सोपं होतं. विश्वासी माणसाने हे नाव कधीच काढून घ्यायला हवं होतं. मूर्तीपुढचं अन्न वर्ज्य, हे तो स्वतःच लोकांना शिकवायचा. पाळकसाहेब नेहमी सांगत, न्यायाच्या दिवशी ज्याचा जाब त्यानेच द्यायचा. तिथे भाऊबंद उपयोगी पडत नाहीत. निंबा उंबरा ओलांडून आत गेला. पण आपलं नाव या घरातून जावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं, आणि याची त्याला लाज वाटली.

झुंबरबाई खाटेवर बसली होती. पाय पट्टीत गुंडाळलेला, पुढ्यात परात. नवल शेजारी नावं घेत होता.

"माय, मनं नाव लेवू नको."

"काबर?"

"मी आते त्या देवीना नही."

"देवीना कोन म्हनस तुले? तू मना शे."

"शेवटला दिन माले देवसमोर जाब देना पडी, माय."

"दे मंग. सांगजो, मायनी खादा, मी नही खादा."

नवल खो खो हसला. निंबाला हसू आलं नाही. ज्याचा काही दोष नाही त्या प्रभूने दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्यावर घेतलं, हे तो दर रविवारी उभा राहून सांगत आला होता.  आत्ता त्याची नजर आईच्या पट्टीतल्या पायावर गेली.

"निंबा," नवलने नाव घेतलं.

म्हातारीने मूठ भरली. एक दाणाही खाली सांडला नाही. गहू परातीत पडेपर्यंत निंबा पाहत राहिला. अडवायला हात काही पुढे झाला नाही.

"यंदा मना वाटा मीच खासू," तो म्हणाला.

झुंबरबाईने मान वर केली.

"तुना धरमले चालस?"

"नही चालत."

"मंग?"

"तुना पायले बी नही चालत."

 म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि नवलवर खेकसली, "पुढलं नाव ले ना, तोंड काय पाहस?"

निंबा अंगणात आला आणि त्याने पाळकसाहेबांना फोन लावला. या रविवारी भाकर दुसऱ्या कुणाला तरी वाटायला सांगा, म्हणाला.

"का हो? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी आहे. रविवारी आईकडे जेवायला आहे मी."

 पाळकसाहेबही खानदेशातलेच, श्रावणातला हा कोणता रविवार, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"निंबाभाऊ, तुम्हाला समजतंय ना, तुम्ही काय करताय?"

"समजतंय. म्हणून तर आधी सांगितलं."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

घरात नवल पुढची नावं घेत होता.

"ते तुम्ही ठरवा," निंबा म्हणाला. "मी मागच्या बाकावर येऊन बसेन."