वीस शब्द

शनिवारी शाळेत वीस शब्दांचं डिक्टेशन होतं. त्यात बारा तरी आले नाहीत, तर आर्याला पुढच्या वर्षीही दुसरीतच बसवावं लागेल, असं टीचरनी सीमाला स्वच्छ सांगितलं होतं.

तेव्हापासून वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या त्या घरात दुसरा विषय नव्हता. सीमा बी.ए. झालेली. इंग्रजीची तिला धास्ती नव्हती, लेकीची होती. तिने एक वहीच केली; डावीकडे नियम, उजवीकडे अपवाद.

"शेवटी ई आला की तो स्वतः गप्प बसतो, आणि मधल्या ए-ला त्याच्या नावाने बोलायला लावतो. केक, मेक, गेट."

"मग हॅव?"

"तो अपवाद."

"आणि गिव्हमधला आय?"

"तोही."

आर्याने डोकं खाजवलं. "आई, अपवादच जास्त आहेत गं."

ओटीवर केळफूल सोलत बसलेल्या सासूबाई, मनोरमाबाई, हसल्या. "तुझ्या आजोबांच्या घराण्यासारखंच की. एकाला म्हणून नियम लागू नाही!"

शेवटी सीमाने नियमांचा नाद सोडला. "पाठच करून टाक." रोज तीन वेळा तेच वीस शब्द. गुरुवारपासून वीसपैकी वीस यायला लागले. सीमाने वहीचा फोटो काढून नवऱ्याला, विघ्नेशला, ऑफिसात पाठवला.

सोमवारी शाळेतून पेपर आला. वीसपैकी दोन.

सीमाने तिला दप्तरही उतरवू दिलं नाही. तिथल्या तिथे बसवून सगळे शब्द विचारले. वीसच्या वीस बरोबर.

"म्हणजे येतं तुला! मुद्दाम केलंस?" आणि तिचा हात उठला.

आर्या रडली नाही. नुसती गाल धरून बसली.

"मारतेस काय अशी!" मनोरमाबाई हात पुसत आल्या. "शाळेत उलटसुलट विचारलं असेल. तू आपली रोज वरून खाली."

"त्याने काय फरक पडतो, आई?" सीमा म्हणाली खरी, पण विचारलं. "लिही, फ्रेंड."

पेन्सिल हलेना. आर्याचे ओठ मात्र हलत होते. केकपासून सुरुवात करून, एकेक बोट दुमडत, एकेक स्पेलिंग पुटपुटत ती पुढे सरकत होती. दहा बोटं संपली, पुन्हा अंगठा दुमडला, तेव्हा कुठे तिने भराभर लिहिलं. बरोबर लिहिलं.

"शाळेत एवढा वेळ देत नाहीत," ती हळूच म्हणाली.

सीमाने वही ओढून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कुठला?"

आर्याने शब्दाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. "कितव्या नंबरचा आहे?"

दोन वर्षं रोज संध्याकाळी सीमा आधी धडा वाचून दाखवायची, मग आर्या वाचायची. घडाघडा. पाहुण्यांसमोरसुद्धा. आणि पोरीला एक शब्दही वाचता येत नव्हता. रोज शेजारी बसून, डोळ्यांत तेल घालून, सीमाने नेमकं पाहिलं होतं तरी काय?

"आई, टीचरना सांग ना, आपल्यासारखं पहिल्यापासून विचारा म्हणून. मग येतं मला."

"सांगते," सीमा म्हणाली. तिला जवळ घ्यायला सीमाने हात पुढे केला, तेव्हा आर्याने आधी गाल झाकला.