कोणासाठी आलात?

खुशबूनं स्कूटी थांबवली, तशी मागं बसलेल्या रुखमाबाईंनी पदर कपाळाखाली ओढून घेतला. सावली गावच्या बाजारातून सासू-सुनेचा हा दुसरा फेरा होता. पत्ता सापडत नव्हता, आणि कोणाला विचारायचं म्हटलं तरी काय म्हणून विचारायचं?

शेवटी खुशबूनं सायकल दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांना हाक मारली.

"चाचा, ते दारूवाल्यांची मीटिंग असते ना, ते कुठी होते?"

चाचांनी ट्यूब पाण्यात दाबून धरली होती. बुडबुड्यांवरची नजर न काढता ते म्हणाले,

"दारूवाल्यांची त समदीकडंच असते, बेटा. सोडनाऱ्यांची पाह्यजे का? त्या बोळीत जा. शाळेच्या मागची खोली."

त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. रुखमाबाईंना तेवढंच बरं वाटलं.

या भागात त्यांना ओळखणारे पुष्कळ होते. एके काळी गावातल्या बाया गोळा करून त्यांनी मोहाच्या दारूची मडकी फोडली होती. रुखमाबाई येताहेत म्हटलं की माणसं ग्लास मांडीखाली लपवायची. मग त्यांचे यजमान गुणवंतराव गेले. गुडघे धरले, झोप उडाली. शेजारच्या म्हातारीनं औषध म्हणून घोटभर दिली, आणि औषध रोजचं झालं. बाटली तांदळाच्या ढोलीत लपून राहू लागली.

खुशबूला ती तांदूळ काढताना सापडली. तिनं बाटली होती तिथंच ठेवली, वरून तांदूळ सारखे केले. नवऱ्यालाही बोलली नाही. फक्त फोन करत राहिली. दवाखान्यातल्या सिस्टरनं चंद्रपूरचा एक नंबर दिला, चंद्रपूरच्या माणसानं सावलीचा. मग एका दुपारी भात वाढता वाढता ती म्हणाली होती,

"आई, रविवारी माझ्यासंग सावलीले चाला."

"काऊन?"

खुशबूनं ढोलीकडे पाहिलं आणि वरण वाढायला घेतलं. रुखमाबाईंचा घास हातातच राहिला.

शाळेमागच्या त्या खोलीत पाच-सात पुरुष बसले होते. बाई एकही नव्हती. त्यातला एक जण धडपडत उठला.

"जय भीम, बाई!"

तो पत्रू होता. त्याच्याच घरची मडकी रुखमाबाईंनी पहिल्यांदा फोडली होती. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. होता तो जुना धाक. रुखमाबाईंनी पदर आणखी खाली ओढला.

सभा चालवणाऱ्या श्रीहरीनं दोघींना खुर्च्या दिल्या.

"कोनासाठी आलात, बाई? घरचे लोकंबी येतात इथी." मग तो खुशबूकडे वळला. "नवरा पेते का?"

रुखमाबाईंनी तोंड उघडलं. पुन्हा मिटून घेतलं. सगळे वाट पाहत होते. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"माझ्यासाठी," खुशबू म्हणाली.

कोणी हसलं नाही. श्रीहरीनं नुसती मान हलवली आणि तिच्या हातात चहा दिला. एकेक जण बोलू लागला. पत्रूची पाळी आली तेव्हा तो उभा राहून जमिनीकडे बघत म्हणाला,

"बाईनं माह्ये मडके फोडले, तवा मी लय शिव्या देल्या. पन मडके फुटून माही सुटली नाई. दुसऱ्या गावी जाऊन पेलो. मंग एक दिवस माही पोरगी मले पाहून दाराआड लपली. तिले काय वाटलं असंन, ते अजून इचारलं नाई मी. हिंमत होत नाई."

तो खाली बसला. श्रीहरी खुशबूला हळूच म्हणाला,

"बेटा, बोलाचं असंन त बोल. नाई त बसून राह्य नुसती."

खुशबू मान खाली घालून बसली होती. तिच्या चहावर साय धरली होती. समोरच्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रुखमाबाईंकडे, आणि च् च् केलं. एवढ्या मोठ्या बाईच्या नशिबी अशी सून!

ती कीव आपल्यासाठी आहे, हे रुखमाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि उभ्या राहिल्या.

"तिच्याकडं नका पाहू. ते पोरगी सुपारीबी खात नाई." आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. "मी पेते. रोज पेते. गुणवंतराव गेले तवापासून."

मग त्यांना पत्रूकडे पाहावंच लागलं. तो उठला होता. आता हा काहीतरी बोलणार, आणि बोललाच तर त्याचं चुकणार नाही, असं त्यांना वाटलं. पत्रूनं पंख्याखालची आपली खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी केली.

"इकडं बसा, बाई. तिथी हवा लागत नाई."

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलं होतं. गावचा फाटा दिसला तेव्हा रुखमाबाईंनी विचारलं,

"तू काऊन म्हनलं तसं?"

"तुमाले थोडा वेळ लागून राह्यला होता," खुशबू म्हणाली. "म्हनून."

पुढच्या रविवारी खुशबू भांडी घासत होती, तेव्हाच रुखमाबाई अंगणात स्कूटीजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.