उपाशी जंतू आणि सरांची माया

औषध करणारे जंतू मातीतून शोधायची ती प्रयोगशाळा. तिथल्या प्रमुखांना मातीची शिसारी होती. खोलीत शिरताना ते नाकाला रुमाल लावत आणि खुर्ची झाडून बसत. मागून सगळे त्यांना 'प्रस्तावना' म्हणत, कारण शोधनिबंधाचा तेवढाच भाग ते स्वतःच्या हाताने लिहीत, आणि तोही दर वेळी तोच.

माती तिच्या वाट्याला. ती तंत्रज्ञ. चाळायची, सुकवायची, पाण्यात कालवून प्लेटवर पसरायची, उगवेल त्या जंतूला रोगाच्या जंतूंशेजारी बसवायचं आणि मारतोय का ते पाहायचं. तीन वर्षांत एकशे सेहेचाळीस जंतू झाले; सगळे नुसते खायला काळ. एकशे सत्तेचाळिसावा पाळणाघराच्या मागच्या भिंतीलगतचा. लेक बूट घालेपर्यंत तिने तिथली चमचाभर माती डबीत भरून घेतली होती.

पाच दिवस प्लेट कोरीच राहिली. सर म्हणाले, "टाका ती. उगाच जागा अडते."

तिने ती इन्क्युबेटरच्या मागच्या कोपऱ्यात सरकवली. एकोणिसाव्या दिवशी खडूच्या भुकटीसारखा राखाडी ठिपका दिसला. मग त्याच्याभोवती रोगाचे जंतू पेरले, तर दुसऱ्या दिवशी ठिपक्याच्या चहूबाजूंनी बोटभर रुंद स्वच्छ कडं. तिथे एकही शत्रू शिल्लक नव्हता. लेकीचा पहिला दात दिसला होता तेव्हा पाहिलं होतं, तशी ती बघत राहिली.

"सापडला बरं का आपल्याला!" सर म्हणाले. त्यांच्या 'आपल्याला'मध्ये दुसरं कुणी मावत नसे.

नवे जंतू सांभाळणाऱ्या संस्थेचा फॉर्म आला. 'प्रथम कोणी वेगळा केला?' या रकान्यात सरांनी स्वतःचं नाव ठसठशीत लिहिलं.

"सर, इथे माझं नाव यायला हवं."

"अहो बाई, माती काय माळीसुद्धा उकरतो. त्याचं नाव घालतो का आपण?"

ती पुढची माती चाळायला लागली. पण त्या रात्री लेकीला थोपटतानाही तिला तो रकाना दिसत होता. आयत्या बिळावरचा नागोबा फणा काढून बसावा, तसं ते नाव बसलं होतं.

संस्थेचे परीक्षक सव्वा महिन्याने जंतूची करामत पाहायला येणार होते. सरांना तो मरतुकडा वाटला. "याला खायला घाला की जरा! साखर, प्रथिनं, सगळं घाला."

"नको सर. खायला कमी असतं तेव्हाच हा औषध सोडतो, शेजाऱ्यांना हटवायला. पोट भरलेला कशाला भांडेल?"

"हे स्वयंपाकघरातलं शास्त्र घरी ठेवा," सर म्हणाले आणि जंतू आपल्या टेबलावर घेऊन गेले. दर दोन दिवसांनी नवी प्लेट, नवी मेजवानी. जंतू बघता बघता फुगला. राखाडी भुकटी गेली, ओलसर, तुळतुळीत टक्कल पडलं. जसा धनी तसा चाकर, असं स्टोअरकीपर म्हणाला, तेव्हा तिला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

पंधरा दिवसांनी सरांनी त्याच्याभोवती रोगाचे जंतू पेरले. दुसऱ्या दिवशी कडं नाहीच; उलट रोगाचे जंतू त्याच्या अंगावर चढून बसलेले.

सर तिच्या टेबलाशी आले. रुमाल विसरले होते.

"बाई, तुमच्याकडे मूळचा असेल ना?"

"आहे. पहिल्याच दिवशी ट्यूबमधल्या कोरड्या मातीत सुकवून ठेवलाय. ते आम्ही नेहमीच करतो, सर."

"द्या मग!"

"देते. आज पेरला तर एकोणीस दिवसांनी उगवेल, एक दिवस कडं पडायला. परीक्षक एकविसाव्या दिवशी येतात. फॉर्म आणता?"

"धमकी देताय मला?"

"छे! त्यात अजून रकाने रिकामे आहेत. माती कुठली, किती खोलीवरची, कितव्या दिवशी उगवला. तुम्ही वेगळा केलाय ना, भरून टाका."

सरांनी पेन काढलं. 'बाग' लिहिलं. मग पेन हवेतच राहिलं. तीन वर्षांत ते या टेबलाशी तीनदाही आले नव्हते, आणि आता खोली विचारताच कानापर्यंत लाल झाले होते. तिला राग यायला हवा होता. आली ती कीव, आणि तीसुद्धा जेमतेम.

"बाग नाही, पाळणाघर," ती म्हणाली.

सरांनी फॉर्म तिच्याकडे सरकवला. तिने सगळे रकाने भरले. वरचं नाव एका सरळ रेघेने खोडलं, खाली आपलं लिहिलं आणि खोडलेल्या जागी त्यांची सही मागितली.

सही करताना सर म्हणाले, "तुम्हाला मोठं करतोय, लक्षात ठेवा."

"हो सर." तिने फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली, हात धुतले, फ्रिजमधून ट्यूब काढली. सरांनी हात पुढे केला.

"तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. "तुमची माया त्याला सोसत नाही."