सेलेरियाकच्या वाफ्यातले खुरपे

मित्रांनो, परसातल्या फुटक्या बादलीत पडलेले हे जुने खुरपे म्हणजे मी. घडवले मला लोहाराने, पण कामाला लावले ते ताईने. ताई शिवणकाम करी. मशीनवरून उठली की मला घेऊन परसात येई.

एका वर्षी तिने सेलेरियाक लावला. हा सेलरीचाच भाऊबंद, पण खायचा तो जमिनीलगतचा खडबडीत कंद. बी धुळीसारखे बारीक आणि रोप भारी लाडावलेले. पाणी चुकले की रुसलेच! ताई त्याची खालची पाने काढी, मी कंदाभोवतीची माती हलकेच मोकळी करी. धाकटी बहीण दारातूनच हसे. "ताई, दगड पिकवतेस की काय?"

या कंदांची कुणकुण एका खाणावळीच्या मालकिणीला लागली. तिला स्वतःच्या भाजीच्या बागेसाठी जाणते माणूस हवे होते. ती यायची ठरली आणि ऐन त्या दिवशी ताई तापाने फणफणली.

"तू पड गं, मी बघते सगळं," धाकटी म्हणाली. ताई निर्धास्त झाली.

धाकटीने मला उचलले आणि सगळे कंद उकरून काढले. जाड साल काढून बटाट्यांबरोबर शिजवले, लोणी घालून घोटले. घरभर वास दरवळला. मालकीणबाईंनी दोनदा वाढून घेतले.

"लावले कोणी हो हे?"

"मीच की! या हातांनी."

भिंतीपलीकडे ताई जागी होती.

काम धाकटीला मिळाले. मग एके सकाळी ती ताईच्या पलंगाशी आली. "ताई, रागावू नकोस ना. बी कधी पेरायचं, तेवढं सांग."

ताई पलंगावर उठून बसली. "नुसतं मागितलं असतंस ना, तर ते काम मी हसत तुला दिलं असतं. आता मला काही विचारू नकोस."

खाणावळीच्या बागेतली रोपे महिन्याभरात माना टाकून बसली. धाकटीचे काम गेले. ताईने पुन्हा वाफ्यात पाऊल टाकले नाही, मला हातही लावला नाही. एका ताटात जेवणाऱ्या त्या बहिणी आता एकमेकींकडे मीठसुद्धा मागत नाहीत.

मित्रांनो, अवजार वापरलेत की धुऊन, पुसून जागेवर ठेवा. आणि ज्याने राबून पिकवले, तो आत अंथरुणाला खिळलेला असला, तर त्याचे नाव तुम्ही मोठ्याने सांगा. त्या दिवशी मी ओट्याखालीच होते, मातीने माखलेले. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.